शौक, सात हजार काकड्या आणि मशीन लर्निंग

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक भेटायला येतात. गेल्या दोन-तीन वर्षांपासून त्यांचा प्रश्न बदललाय. आधी विचारायचे, "सर, कॉम्प्युटरला टाकू का?" आता विचारतात, "सर, एआयचा कुठला क्लास लावू?" काही क्लासवाले त्यासाठी मोठी फी सांगतात. घरात मुलीचं लग्न असतं, आजारपण असतं, तरी अब्बा कुठून तरी पैसे उभे करतात. म्हणून क्लासचं नाव विचारण्याआधी हे शास्त्र आहे तरी काय, आणि एखाद्या इंजिनिअरला त्याचा खरा शौक लागतो तेव्हा तो काय करतो, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

त्यासाठी मी उदाहरण घेतलंय जपानमधलं. या गोष्टीत मोठी कंपनी नाही, मोठं भांडवल नाही. एक शेतकरी घर आहे, दिवसभर काम करणारी आई आहे आणि शहाणा इंजिनिअर मुलगा आहे.

काकडीच्या नऊ प्रती

जपानच्या शिझुओका प्रांतात कोसाई नावाचं शहर आहे. तिथे कोईके कुटुंबाची काकडीची शेती आहे. मुलाचं नाव माकोतो कोईके. तो आधी मोटारगाड्यांच्या उद्योगात एम्बेडेड सिस्टिम्सचा इंजिनिअर होता. गाडीच्या आत जे छोटे छोटे संगणक बसवलेले असतात, ते तयार करण्याचं हे काम. पुढे तो आईवडिलांना शेतीत मदत करायला लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काकडी पिकवणं जेवढं कष्टाचं, तेवढंच ती निवडणंही कष्टाचं आहे.

आपल्याकडे भाजीवाला ढिगातून काकड्या उचलतो आणि तराजूत टाकतो. जपानच्या बाजारात तसं चालत नाही. सरळ, भरलेली, गडद रंगाची आणि अंगावर बारीक काटे शाबूत असलेली काकडी वरच्या प्रतीची समजली जाते आणि तिला भाव खूप जास्त मिळतो. प्रतवारीचा सगळ्या देशाला लागू असा एक नियम नाही. प्रत्येक शेतकऱ्याची आपली पद्धत. कोईके यांच्या घरी काकडीच्या नऊ प्रती होत्या आणि ती सगळी निवड माकोतोची आई एकटी करत असे. भर हंगामात दिवसाचे आठ-आठ तास.

तिची नजर एकाच वेळी किती गोष्टी बघत होती, ते पाहा. लांबी, जाडी, रंग, सालीचा पोत, बारीक ओरखडे, वाकडेपणा, काटे. हे शिकायला माणसाला काही महिने लागतात. म्हणून हंगामापुरता मजूर लावूनही उपयोग नसतो. तो शिकेपर्यंत हंगाम संपतो. बाजारात निवड करणारी यंत्रं होती, पण लहान शेतकऱ्याला त्यांची किंमत परवडत नव्हती आणि कामही हवं तसं होत नव्हतं.

कोकणातल्या आंब्याच्या घरांना हे लगेच कळेल. पेटी भरताना जाणत्या हाताला विचारावं लागत नाही की हा आंबा कुठल्या पेटीत. फळ हातात आलं की निर्णय झालेला असतो. "कसं ओळखलं?" असं विचारलं तर उत्तर मिळतं, "दिसतं की!" जे दिसतं ते शब्दांत सांगता येत नाही. मशीन लर्निंगची सुरुवात याच अडचणीपासून होते.

नियम सांगता येत नाहीत तेव्हा

साधा संगणक प्रोग्रॅम नियमांवर चालतो. शाळेचा निकाल लावणारा प्रोग्रॅम घ्या. ३५ किंवा जास्त गुण असतील तर पास, कमी असतील तर नापास. नियम माणसाने लिहिला, यंत्राने पाळला. पण काकडीचा नियम कसा लिहिणार? "थोडी वाकडी" म्हणजे किती वाकडी? काटे "चांगले" म्हणजे किती? लांबी उत्तम, पण एक ओरखडा असेल तर काय? शंभर नियम लिहिले तरी एकशे एकावी काकडी त्यात बसत नाही.

मशीन लर्निंगमध्ये नियम लिहायचे नसतात. उदाहरणं द्यायची असतात. ही काकडी पहिल्या प्रतीची, ही तिसऱ्या, ही नवव्या. अशी हजारो उदाहरणं दिली की त्यांतला सारखेपणा यंत्र स्वतः हिशोब करून शोधतं. लहान मुलाला आपण कैरी आणि पिकलेला आंबा यांची व्याख्या सांगत नाही. दाखवत जातो, चुकलं की सुधारतो, आणि एक दिवस ते आपणहून बरोबर ओळखतं. तसंच काहीसं.

"मशीन लर्निंग" हा शब्द रूढ झाला तोही एका इंजिनिअरच्या खेळातून. आयबीएम कंपनीतल्या आर्थर सॅम्युअल यांनी चेकर्स हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम बनवला होता. खेळता खेळता तो प्रोग्रॅम सुधारत जाई. १९५९ साली त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसापेक्षा त्याचा प्रोग्रॅम चांगला खेळायला शिकू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

माकोतोलाही या विषयाकडे खेळानेच ओढलं. गो हा पूर्व आशियातला जुना खेळ आहे. पट १९ बाय १९ रेघांचा, आणि चालींच्या शक्यता बुद्धिबळापेक्षा कितीतरी जास्त. मार्च २०१६ मध्ये गूगलच्या अल्फागो प्रोग्रॅमने दक्षिण कोरियाचे नामवंत खेळाडू ली सेडॉल यांना पाच डावांत ४-१ असं हरवलं. अल्फागोचा खेळ बघून माकोतोच्या मनात आलं, हे तंत्र एवढं पुढे गेलं असेल, तर आईचं काम हलकं करता येईल का?

शौक अनेकांना लागतो. माकोतोने आपल्या शौकाला घरातल्या गरजेशी जोडलं. गोष्टीचा मुद्दा इथे आहे.

तीन महिने, सात हजार फोटो

गूगलने टेन्सरफ्लो नावाचं मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी मोफत खुलं केलं होतं. त्याच्यासोबत शिकणाऱ्यांसाठी काही नमुना प्रोग्रॅम होते. त्यातला एक हाताने लिहिलेले आकडे ओळखण्याचा होता. तो एमनिस्ट नावाच्या संग्रहावर चालतो. त्या संग्रहात हाताने लिहिलेल्या आकड्यांची ७०,००० चित्रं आहेत. ६०,००० शिकवण्यासाठी आणि १०,००० परीक्षेसाठी. माकोतोने तोच नमुना घेतला आणि आपल्या कामापुरते बदल केले. शून्य ते नऊ अशा दहा आकड्यांच्या जागी काकडीच्या नऊ प्रती. सगळं पहिल्यापासून लिहीत बसला नाही.

यंत्राची रचना साधी होती. रास्पबेरी पाय हा हाताच्या तळव्याएवढा स्वस्त संगणक कॅमेऱ्याने काकडीचा फोटो काढतो. त्याच्यावरचं एक लहान नेटवर्क आधी एवढंच ठरवतं की समोर काकडी आहे की नाही. असेल तर फोटो दुसऱ्या संगणकाकडे जातो आणि तिथलं मोठं नेटवर्क तिची प्रत ठरवतं. मग पट्ट्यावरून काकडी आपल्या खोक्यात.

खरी मेहनत मात्र उदाहरणं जमवण्यात गेली. आई नेहमीप्रमाणे काकड्या निवडायची आणि माकोतो त्यांचे फोटो काढायचा. असं सुमारे तीन महिने चाललं. फोटो झाले ७,०००. म्हणजे नऊ प्रतींत सरासरी पावणेआठशे. प्रत्येक फोटोसोबत एक उत्तर होतं, आणि ते आईच्या नजरेने दिलेलं होतं. या यंत्राची उस्ताद कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे, माकोतोची आई.

आता यंत्र शिकतं कसं, तेही बघू. प्रत्येक फोटो लहान करून ८० बाय ८० ठिपक्यांचा केला. म्हणजे एका काकडीचे ६,४०० ठिपके. संगणकाला ठिपके म्हणजे आकडेच. न्यूरल नेटवर्क त्या आकड्यांना काही वजनांनी गुणतं, बेरजा करतं, अशा गुणाकार-बेरजांचे थर पार करत शेवटी नऊ आकडे काढतं. प्रत्येक प्रतीसाठी एक. सर्वात मोठा आकडा ज्या प्रतीचा, ते त्याचं उत्तर. सुरुवातीला वजनं कशीही ठेवलेली असतात, त्यामुळे उत्तर चुकतं. मग आईचं उत्तर आणि यंत्राचं उत्तर यांतला फरक मोजायचा आणि फरक थोडा कमी होईल अशा बेताने सगळी वजनं किंचित हलवायची. पुन्हा पुढचा फोटो. असं हजारो वेळा. माकोतोच्या साध्या डेस्कटॉप संगणकाला ७,००० फोटो शिकायला दोन ते तीन दिवस लागत.

यात जादू नाही. गुणाकार, बेरीज, फरक, सुधारणा. बारावी विज्ञानच्या गणितात मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि प्रोबॅबिलिटी असतात. हे सगळं उभं आहे ते याच तीन गोष्टींवर. "हे गणित पुढे कुठे लागतं?" असं विचारणाऱ्या मुलांना आता उत्तर देता येईल.

९५ आणि ७०

शिकवून झाल्यावर माकोतोने बाजूला ठेवलेल्या फोटोंवर परीक्षा घेतली. ९५ टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर आली. पेढे वाटावेत असा निकाल. पण प्रत्यक्ष कामाला लावल्यावर तेच यंत्र सुमारे ७० टक्क्यांवर आलं. म्हणजे हजार काकड्यांत आधी पन्नासेक चुका अपेक्षित होत्या, त्या जागी जवळपास तीनशे.

असं का झालं? माकोतोला शंका आली ती ओव्हरफिटिंगची. आम्हा शिक्षकांना हा आजार चांगला ओळखीचा आहे. मुलगा गाईड पाठ करतो. सराव परीक्षेत त्यातलेच प्रश्न येतात, ९५ गुण पडतात, घरात सगळे खूश. बोर्डाच्या पेपरात तोच प्रश्न जरा फिरवून येतो आणि मुलगा अडकतो. त्याला उत्तरं पाठ होती, विषय समजला नव्हता. यंत्राचंही असंच होतं. उदाहरणं कमी असली की ते काकडी शिकण्याऐवजी ते ठरावीक फोटोच पाठ करून बसतं. सात हजार फोटो आपल्याला खूप वाटतात, नेटवर्कसाठी ते कमी पडतात.

दुसरं कारणही समजून घेण्यासारखं आहे. फोटो ८० बाय ८० इतके लहान केल्यावर आकार, लांबी आणि वाकडेपणा एवढंच यंत्राला कळत होतं. रंग, पोत, ओरखडे आणि काटे कळत नव्हते. ज्या काट्यांचा माकोतोच्या वडिलांना अभिमान होता, ज्यांच्यामुळे भाव मिळत होता, नेमके तेच यंत्राच्या नजरेतून सुटले. फोटो मोठे ठेवायचे तर घरच्या संगणकाची ताकद पुरत नव्हती.

मला या इंजिनिअरचं सर्वात जास्त कौतुक इथे वाटतं. ९५ चा आकडा सांगून तो थांबू शकला असता. त्याने ७० सुद्धा सांगितला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गूगलने त्याच्या कामाची माहिती प्रसिद्ध केली, त्यात हे दोन्ही आकडे आहेत. उद्या एखादी जाहिरात म्हणाली की आमचं एआय ९५ टक्के अचूक आहे, तर आपण विचारलं पाहिजे : कशावर? तुमच्या फोटोंवर, की आमच्या शेतात?

उदाहरणं कुणाची?

काकडीच्या बाबतीत चूक झाली तर काकडी चुकीच्या खोक्यात जाते, एवढंच. माणसांच्या बाबतीत चूक महाग पडते.

अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जॉय बुओलाम्विनी नावाची तरुणी शिकत होती. वर्ण काळा. कॅमेऱ्यावर चालणारा एक प्रकल्प ती करत होती, पण चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला तिचा चेहराच सापडेना. पांढरा मुखवटा घातला तेव्हा सापडला. तिने हा विषय सोडला नाही. २०१८ मध्ये तिने आणि तिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक सॉफ्टवेअरची तपासणी प्रसिद्ध केली. गोऱ्या पुरुषांबाबत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत त्या ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या होत्या.

सॉफ्टवेअर कुणाशी वैर धरत नाही. त्याला जशी उदाहरणं मिळाली तसं ते शिकलं. ज्यांचे चेहरे, ज्यांची भाषा, ज्यांचं अक्षर उदाहरणांत कमी असतं, त्यांच्याबाबत ते जास्त चुकतं. उर्दूचंच घ्या. नस्तालीक लिपीत अक्षरं तिरकी उतरत जातात, एकावर एक येतात, शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलतात. म्हणून सुट्या सुट्या इंग्रजी अक्षरांपेक्षा छापील उर्दू वाचणं यंत्राला अवघड जातं. हे काम पुढे न्यायचं तर उर्दू वाचता येणारी, मराठी लिहिता येणारी आणि गणित समजणारी मुलं लागतील. अशी मुलं कुठे आहेत? आपल्याच घरांत आहेत. शाळेत मराठी, घरात उर्दू किंवा दखनी, पुस्तकात इंग्रजी. ज्याला आपण ओझं समजतो ती इथे कमाई आहे.

घरी सुरुवात कशी करावी?

आता क्लासच्या प्रश्नाकडे. आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला पैसे खर्च न करता हे करून बघता येईल.

पहिलं म्हणजे प्रश्न आपल्या घरातला निवडावा. माझी एक सूचना आहे. मराठी आकडे ओळखणारं यंत्र शिकवा. घरातल्या प्रत्येकाकडून, दादी, नाना, चाची, शेजारची मुलं, सगळ्यांकडून कागदावर शून्य ते नऊ आकडे लिहून घ्या. प्रत्येक आकड्याचे निदान पन्नास नमुने. मराठीतला एक आणि नऊ पटकन लिहिले की सारखे दिसतात. यंत्र तिथे अडखळतं का, ते बघा. मराठी जमलं की उर्दू आकडे घ्या.

दुसरं, साधन मोफत आहे. गूगलचं टीचेबल मशीन ब्राउझरमध्ये चालतं, त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही. फोटो द्यायचे, नाव द्यायचं, शिकवायचं. हे जमलं की मग पायथन ही भाषा शिकायला घ्यावी. त्यापुढच्या अभ्यासासाठी आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएल उपक्रमाचे कोर्स आहेत. शिकणं मोफत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी.

तिसरं, परीक्षा प्रामाणिक घ्यावी. ज्या लोकांचं अक्षर शिकवण्यात वापरलं, त्यांना परीक्षेतून वगळा. दुसऱ्या घरातल्या माणसांकडून आकडे लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या उजेडात फोटो काढा. दोन्ही निकाल वहीत लिहा. पहिला जास्त आणि दुसरा कमी येईल. तो कमी का आला, याचा शोध घेण्यातच खरी तालीम आहे.

चौथं, अदब सांभाळावी. कुणाचेही चेहरे, आवाज, कागदपत्रं विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नयेत. आपल्या बहिणीचे, शेजाऱ्यांचे फोटो तर नाहीच नाही.

हे एवढं करूनही मूल महिन्याभरात कंटाळलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याचा शौक दुसरीकडे असेल. उलट ते रात्री जेवताना "अब्बा, नऊला तो एक का म्हणतोय, ते मला सापडलं!" असं सांगायला लागलं, तर समजा शौक खरा आहे. मग फी भरायची की नाही, कुठे भरायची, हे ठरवणं सोपं जाईल.

आणि एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. माकोतोला गणित येत होतं, इंजिनिअरिंग येत होतं, सॉफ्टवेअर मोफत मिळालं. पण काकडी ओळखणं त्याला येत नव्हतं. ते आईला येत होतं. तिच्याजवळ तीन महिने बसून त्याने ते ७,००० फोटोंत उतरवलं. आपल्या घरातही कापडाची वीण बोटांनी ओळखणारे अब्बा आहेत, तांदूळ हातात घेऊन जुना की नवा सांगणारी नानी आहे, मासळीचा ताजेपणा डोळ्यांवरून पारखणाऱ्या खाला आहेत. शिकलेल्या मुलाने आधी त्यांच्याशेजारी बसून प्रश्न विचारावेत. लॅपटॉप नंतर उघडला तरी चालेल.